संत्री अजून बदललेला नाही

ताई, नमस्कार.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो त्याला चार वर्षं झाली. सातारा जिल्ह्यात डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे. गावात आम्ही तीसेक माजी सैनिक आहोत. हे पत्र माझ्या एका दोस्तासाठी लिहितोय. तो हवालदार होता. राष्ट्रीय रायफल्सबरोबर दोनदा काश्मीरला राहून आला. दुसऱ्या वेळी गस्तीवर असताना स्फोट झाला आणि त्याचा जोडीदार त्याच्या शेजारीच गेला. पेन्शनवर आला तेव्हा बरा वाटला. बँकेत गार्ड म्हणून लागला, पण वर्षभरात भांडून नोकरी सोडली. आता रात्रभर जागा असतो, टॉर्च घेऊन घराभोवती फिरतो. लग्नात फटाके वाजले की उठून जातो. कॅन्टीनचा दारूचा कोटा पंधरा दिवसांत संपतो, मग गावठी. पारावर बसला तरी पाठ झाडाला आणि तोंड रस्त्याकडे. परवा वहिनी रडत माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ते म्हणतात, मी तिथंच गेलो असतो तर बरं झालं असतं."

गेल्या वर्षी त्याला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. दोन एसट्या बदलल्या, चार तास रांगेत उभे राहिलो. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर "दारू किती पिता?" एवढंच विचारलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आता तो म्हणतो, मी येडा नाही, आणि नोंद झाली तर पेन्शन जाईल. लायसनची बारा बोअरची बंदूक अजून त्याच्या घरात आहे. असे आणखी चार-पाच जण गावात असतील, कुणी बोलत नाही. त्याला कुठं न्यायचं? आणि दर वेळी आम्हीच एवढ्या लांब जायचं का? इकडं काही येऊ शकत नाही का?

– एक निवृत्त सुभेदार


सुभेदारसाहेब, नमस्कार.

बारा बोअर घरात आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटाकडे जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते. बाकी सगळ्याला आठवडे, महिने लागतील. हे काम मात्र दोन दिवसांत व्हायला हवं. रात्र रात्र जागणारा, पिणारा, 'तिथंच गेलो असतो तर' म्हणणारा माणूस आणि बंदूक एका छपराखाली नको. मरणाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा चढतो आणि ओसरतो. ती लाट चढलेली असते तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार काही अवलंबून असतं.

त्यांना हे तुम्हीच सांगू शकता, कारण ही भाषा तुमची आहे. पलटणीत ड्यूटी संपली की हत्यार कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा होतं. त्यात कुणाचा अपमान नसतो. "नोकरी सोडलीस, हत्यार घरात कशाला? चल, जमा करून येऊ," एवढंच म्हणा आणि सोबत जा. निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, पावती मिळते, ही रीत गावाला ठाऊक आहेच. हत्यारं सांभाळायचा परवाना असलेल्या दुकानदाराकडेही ठेवता येतं. मायेपोटी ती बंदूक स्वतःच्या घरी मात्र आणू नका. दुसऱ्याच्या परवान्याचं हत्यार बाळगणं तुमच्यावर गुन्हा ठरेल. आणि फवारणीची औषधं घरात, गोठ्यात असतील तर तीही दुसऱ्याच्या घरी, कुलपात हलवा. वहिनींना हे वेगळं सांगा.

मग एक प्रश्न विचारायचाय, तो सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येईल, अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं कुणीतरी ओळखलं, याचा बहुतेकांना सुटकारा वाटतो. उत्तर 'हो' आलं, कसं आणि कधी हेही ठरलेलं दिसलं, तर त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका. १०८ ची गाडी बोलवा किंवा तुम्हीच गाडी करून रुग्णालयात न्या. घरात काही घडून गेलं तरी पोलीस केसच्या भीतीनं लपवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर प्रचंड ताण होता असं गृहीत धरून त्याला उपचार आणि आधार द्यायचा, शिक्षा करायची नाही, असं ठरलेलं आहे.

आता त्यांना झालंय काय, याबद्दल. पत्रावरून निदान करणं चूक, ते मी करणार नाही. पण मी एका जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत बरीच वर्षं समाजसेविका म्हणून काम केलं. तिथे येणारे माजी सैनिक नाव पुकारायच्या आधीच मला ओळखू यायचे. शेवटच्या बाकावर, पाठ भिंतीला, नजर दारावर. तुमच्या पत्रातलं पाराचं वाक्य वाचलं आणि ते सगळे डोळ्यांसमोर आले. तुमच्याकडे पहाऱ्यावरचा संत्री दोन तासांनी बदलतो ना? या माणसांच्या आतला संत्री बदललेलाच नसतो. लढाईच्या जागी हीच सावधगिरी त्यांना जिवंत ठेवत होती. शरीर ती शिकलं, आणि आता गावात, स्वतःच्या अंगणातही ती उतरवता येत नाही. झोप लागली तर ते स्वप्न येतं, म्हणून झोपच टाळायची. फटाक्यानं छातीत धडधड होते, म्हणून लग्नं टाळायची. मग माया, आनंद, पोरांचं हसणं, सगळंच बोथट होत जातं. याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मागे राहिलेला मनाचा ताण. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव १९८० साली आलं. त्रास त्याच्या कितीतरी आधीचा आहे. सोबत नैराश्य असू शकतं, दारूचा आजार तर दिसतोच आहे. आणि एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: स्फोट जवळ झाला होता. त्या दणक्यानं मेंदूला मार बसलेला असू शकतो, आणि चिडचिड, विसराळूपणा, डोकेदुखी त्यातूनही येते. हे त्या ओपीडीत कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

यावर इलाज आहे, हे त्यांना ठाम सांगा. त्या घटनेवर बेतलेलं समुपदेशन असतं, त्याच्या साधारण आठ ते सोळा बैठका होतात. गोळ्याही आहेत, पण त्यांचा गुण दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि मनानं बंद करायच्या नसतात. गेल्या वर्षीच्या झोपेच्या गोळ्या मात्र घरात उरल्या असतील तर काढून घ्या. दारू आणि झोपेची गोळी एकत्र गेली तर श्वास मंदावतो, त्यात माणूस दगावू शकतो.

दारूचं इथेच सांगते. 'उद्यापासून बंद' अशी शपथ देवळात नेऊन घालू नका. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, कधी फिट येते, भास होतात. ते जिवावर बेतू शकतं. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि वहिनींना कुणीतरी 'न सांगता जेवणातून द्या' असं म्हणत पुडी आणून देईल. ती देऊ नये. त्यातली काही औषधं पोटात असताना वर दारू गेली तर हृदयावर ताण येतो, आणि हे कळलं की त्यांचा घरावरचा विश्वास संपेल. तुमचा दोस्त झोपेसाठी पितोय, असं मला वाटतं. झोप परत आली तर दारूशी झगडणं सोपं जाईल.

म्हणून बोलायला बसाल तेव्हा झोपेपासून सुरुवात करा. 'तुला मानसिक त्रास आहे' या वाक्यानं दार बंद होईल. "किती रात्री झाल्या नीट झोपून?" या प्रश्नाला फौजी माणूस उत्तर देतो. चालता चालता बोला, शेताच्या बांधावर, शेजारी शेजारी. समोरासमोर बसवून नको. स्वतःचं काही असेल तर आधी ते सांगा. तुम्हीही त्या भागात राहिला असाल, तुम्हालाही एखादी रात्र आठवत असेल. स्फोटाचं मात्र खोदून विचारू नका. ते स्वतः बोलले तर ऐका, मध्ये तोडू नका, "आता विसर ते" म्हणू नका. ती गोष्ट मुद्दाम उकलायचं काम शिकलेल्या माणसाचं आहे. आणि बीपी तपासायचं सांगून फसवून नेऊ नका. ज्यानं दर पावलाला सुरुंग शोधलाय त्याला खोटं लगेच कळतं.

पेन्शनची भीती खरी वाटते, पण तिला आधार नाही. निवृत्तीनंतर मनाच्या आजारावर उपचार घेतले म्हणून सेवेचं पेन्शन बंद होत नाही. उपचारांची माहिती गुप्त ठेवायची हे त्याच २०१७ च्या कायद्यात लिहिलंय. बंदुकीच्या परवान्याचा प्रश्न पुढेमागे येऊ शकतो, हे मात्र त्यांच्यापासून लपवू नका.

आता कुठे जायचं. पहिलं पाऊल घरूनच टाकता येतं. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलणारं माणूस मिळतं. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, याच सेवेचा सैन्यदलांसाठी खास कक्ष सुरू झाला. म्हणून फोन लागला की माजी सैनिकाबद्दल बोलतोय, हे पहिल्याच वाक्यात सांगा. पहिला फोन तुम्हीच करा, हवालदारांना शेजारी बसवून, स्पीकरवर. रेंज टेकडीवरच मिळत असेल तर टेकडीवर जा, एकांतही मिळेल. फोननं सगळा इलाज होणार नाही, पण पुढचं दार कुठलं हे ते सांगतील, आणि पहिल्या खेपेला गर्दीत लाज वाटली ती इथे वाटणार नाही.

दुसरं दार तुमच्या खिशात आहे: ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड. २००३ पासून ही योजना चालू आहे आणि आपली माणसं ती बीपी-शुगरसाठी वापरतात, मनासाठी नाही. योजनेच्या दवाखान्यात, पॉलिक्लिनिकमध्ये, मनोविकारतज्ज्ञ नसेलच, असं धरून चला. तिथे जाऊन "आम्हाला मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल हवंय, पॅनलवरच्या कुठल्या रुग्णालयात तो आहे ते सांगा" असं नेमकं मागा. तिथले ऑफिसर इन-चार्ज बहुधा स्वतः माजी सैनिक असतात. दोन मिनिटं त्यांच्याशी एकट्यानं बोललात तर कागद लवकर हलेल. संरक्षण मंत्रालयानं २०२१ साली सेहत ओपीडी सुरू केली आहे, त्यात घरूनच मोबाइलवर डॉक्टरांना दाखवता येतं. गावातल्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला ते लावून द्यायला सांगा. आणि हे कार्ड वहिनींनाही चालतं. त्याही कित्येक महिने झोपलेल्या नाहीत. त्यांना रडायला तुमच्या दारात यावं लागलं. त्यांची तपासणी वेगळी, त्यांच्याशी बोलणं वेगळं, आणि शक्यतो तुमच्या घरच्यांनी त्यांच्याकडे रोज एक चक्कर टाकावी.

दवाखान्यात न्याल तेव्हा गेल्या वेळेसारखं रांगेत उभं करू नका. तुम्ही आधी जा, नंबर लावा, त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर बसू द्या, वेळ आली की बोलवा. एका कागदावर आठ ओळी लिहून न्या: झोप किती, दारू किती आणि कधीपासून, स्फोट कोणत्या वर्षी, मरणाचं बोलणं, बंदूक जमा केली आहे, चालू गोळ्या. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या, म्हणजे त्यांना गर्दीसमोर विचारावं लागणार नाही. "दार लावून बोलता येईल का?" असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. गेल्या वर्षी त्या डॉक्टरांनी जे केलं ते चुकीचंच होतं. पण अशा ओपीडीत बसलेली असल्यानं मला माहीत आहे, बाहेर शंभर माणसं उभी असली की चांगला डॉक्टरही तिसऱ्या मिनिटाला कागद ओढतो. तुमचा कागद ते तिसरं मिनिट वाचवतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर आहे: होय, इकडे येऊ शकतं, आणि ते मागणं भीक मागणं नाही. त्या २०१७ च्या कायद्याचं कलम १८ वाचा. सेवा परवडणारी, पुरेशी आणि भौगोलिकदृष्ट्या आवाक्यातली असावी, उपचारासाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, ती राहत्या जागेजवळ मिळावी, असं तिथे स्पष्ट आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. जिल्हा रुग्णालयात त्याचं पथक असतं: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका. त्या पथकानं ठरल्या दिवशी तालुक्याच्या पातळीवर यायचं असतं. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन एवढंच विचारा, "मनाचे डॉक्टर कुठल्या वारी येतात?" पुष्कळदा दिवस ठरलेला असतो आणि गावांना त्याची खबरच नसते. दिवस ठरलेला नसेल, किंवा पद रिकामं म्हणून कुणी येत नसेल, तर तिथून तुमचं काम सुरू होतं.

तुम्ही तीस जण आहात. आजूबाजूच्या गावांचे धरले तर शंभर व्हाल. सातारा हा असा जिल्हा आहे की अपशिंगेसारख्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलंय. जिल्हा शल्यचिकित्सकांना सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. मागणी मोघम नको. 'मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे' असं लिहिलंत तर एक पोस्टर लागेल आणि फाईल बंद होईल. तीन गोष्टी मागा. महिन्यातला एक ठरलेला वार, ग्रामीण रुग्णालयात. तज्ज्ञानं एकदा लिहून दिलेली औषधं पुढच्या महिन्यांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावीत, म्हणजे दर वेळी दोन एसट्या बदलायला लागणार नाहीत. आणि त्याच केंद्रात दार लावता येईल अशी एक खोली, जिथून फोनवर किंवा पडद्यावर समुपदेशकाशी बोलता येईल. यातल्या दुसऱ्या मागणीवर मी सगळ्यात जास्त जोर देईन. माझ्या अनुभवात माणसं पहिल्या खेपेला येतात, तिसऱ्या खेपेला गळतात. पहिल्या खेपेला दोस्त सोबत असतो. तिसऱ्या खेपेला पेरणी असते, एसटी चुकते, गोळ्या संपतात, आणि संपल्या त्या संपल्याच. सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्यात फिरतात. ते येतील त्या दिवशी नुसते विधवा-पेन्शनचे आणि शिष्यवृत्तीचे कागद पुढे करू नका, हा अर्जही करा.

अर्ज फिरेपर्यंत आणखी एक करता येईल. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकी सैनिक सरकारी इस्पितळाची पायरी चढायला तयार नव्हते. १९७०च्या सुमारास ते आपले आपण गट करून बसू लागले. शेवटी १९७९ साली तिथल्या सरकारनं इस्पितळाच्या बाहेर, वस्तीत, माजी सैनिकांसाठी मदत केंद्रं, 'व्हेट सेंटरं', काढली, आणि तिथे काम करायला माजी सैनिक घेतले. आपल्याकडे नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमात गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि गरज असेल त्याला पुढे पाठवायला शिकवलं गेलं. तुमच्याकडे पार आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, फक्त फौजेतले, बाटलीशिवाय. कुणी बोललं तर बोललं, नाही तर नुसतं बसायचं. तिथलं बोलणं घरी न्यायचं नाही, आणि 'आम्ही तर सियाचिनला होतो' अशी दुःखाची तुलना करायची नाही. तुम्ही म्हणता ते चार-पाच जण पहिल्या दिवशी येणार नाहीत. तुमच्या दोस्ताला उपचारांनी थोडी झोप लागू लागली, की ती बातमी पारावरून आपोआप त्यांच्यापर्यंत जाईल.

हे सगळं तुम्ही एकट्यानं ओढायचं नाही, सुभेदारसाहेब. दुसरा एक माणूस आजच सोबत घ्या, म्हणजे रात्री दोन वाजता वहिनींचा फोन आला तर तो दोघांपैकी कुणालाही येऊ शकेल. तुमची स्वतःची झोप कशी आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात लिहा.

आणि बंदूक जमा झाली, पावती हातात आली, की त्याच दिवशी मला दोन ओळी टाका. मी वाट बघते आहे.